सुस्पष्टतेची किंमत : स्टिरिओस्कोपपासून आभासी वास्तवाच्या हेडसेटपर्यंत

१.

'आभासी वास्तव' ही संज्ञा आता मराठी समीक्षेत बऱ्यापैकी रुळली आहे. कादंबरीतील कल्पित विश्वाविषयी, प्रसारमाध्यमांनी घडवलेल्या प्रतिमांविषयी किंवा बाजारपेठेने निर्माण केलेल्या भुलाव्याविषयी बोलताना आपण ती सर्रास वापरतो. मात्र ही संज्ञा ज्या वस्तूच्या निमित्ताने प्रचारात आली, त्या वस्तूकडे आपले लक्ष क्वचितच जाते. डोळ्यांवर बांधायचे एक यंत्र, त्यात दोन भिंगे आणि त्या भिंगांमागे दोन लहान पडदे, एवढीच ती वस्तू आहे. रूपकाने वस्तूला गिळून टाकावे, असा हा प्रकार आहे. प्रस्तुत निबंधात आम्ही रूपक बाजूला ठेवून वस्तूकडे पाहणार आहोत.

या वस्तूविषयी तिचा ग्राहक, विशेषतः संगणकावर खेळ खेळणारा ग्राहक, एक साधा प्रश्न विचारतो : कोणत्या हेडसेटमधून सर्वांत स्वच्छ दिसते? हा प्रश्न बाजारातला आहे म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकाने ऐकू नये, असे आम्हांस वाटत नाही. एक तर हा प्रश्न नवा नाही, तो किमान पावणेदोनशे वर्षांचा आहे. दुसरे म्हणजे, 'स्वच्छ दिसणे' याचा अर्थ काय, या प्रश्नाच्या तळाशी अक्षर वाचता येणे ही क्रिया आहे आणि ती आपल्या व्यवसायाचा पाया आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रतिमा जसजशी स्वच्छ होत गेली तसतशी ती अल्पायुषी होत गेली. हे तिसरे विधान सिद्ध करण्याचा प्रयत्न म्हणजेच हा निबंध होय.

२.

१८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स व्हीटस्टन यांनी द्विनेत्री दृष्टीविषयी एक निबंध सादर केला. शाळेच्या भौतिकशास्त्रात 'व्हीटस्टन सेतू' म्हणून ज्यांचे नाव आपण पाठ केले, तेच हे गृहस्थ. दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि या दोन भिन्न प्रतिमांच्या मिलाफातून मेंदू खोलीची जाणीव घडवतो, हा त्यांचा सिद्धान्त. तो पटवण्यासाठी त्यांनी एक उपकरण रचले. काटकोनात उभे केलेले दोन आरसे, त्यांच्या दोन बाजूंना दोन चित्रे. आरशांपाशी डोळे नेले की दोन सपाट चित्रांचे एक घन रूप होई. त्यांनी या उपकरणाला 'स्टिरिओस्कोप' हे नाव दिले.

येथे एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. दागेर यांचे छायाचित्रण जगापुढे आले ते १८३९ साली. म्हणजे स्टिरिओस्कोप हा जगापुढे आलेल्या छायाचित्रणाहून जुना आहे. व्हीटस्टन यांनी वापरलेली चित्रे ही केवळ रेषाकृती होती : घन, शंकू, काही भौमितिक आकार. त्यांत छाया नव्हती, पोत नव्हता, तपशील नव्हता. तरीही खोली होती. पुढे १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेतील बेला युलेश यांनी हेच टोकाला नेऊन दाखवले. केवळ यादृच्छिक ठिपक्यांनी भरलेल्या दोन चौकोनांतही, ठिपक्यांचा एक गट किंचित सरकवला, की ओळखण्याजोगा कोणताही आकार नसताना खोली दिसते. याचा अर्थ असा की त्रिमिती ही तपशिलावर अवलंबून नाही. 'आत असल्याची' जाणीव आणि 'स्पष्ट दिसण्याची' जाणीव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हेडसेटच्या आजच्या तुलनांत या दोहोंची सतत गल्लत होते, म्हणून हा भेद आरंभीच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

व्हीटस्टन यांचे उपकरण टेबलावर ठेवण्याचे होते. ते घराघरांत नेले ते डेव्हिड ब्रूस्टर यांनी. १८४९ साली त्यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून एक आटोपशीर पेटी तयार केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पॅरिसच्या ड्युबॉस्क यांनी बनवलेला तिचा नमुना व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरला आणि पेटीचा मोठा खप सुरू झाला. पुढे शोधाच्या श्रेयावरून ब्रूस्टर आणि व्हीटस्टन यांच्यात कडवट वाद झाला. तो येथे आपल्या विषयाचा नाही. मात्र या दोन यंत्रांतील फरक आपल्या विषयाचा आहे. आरशांच्या यंत्रात प्रतिमा जशी असेल तशी दिसते. भिंगाच्या यंत्रात ती मोठी होऊन दिसते, आणि मोठी होताच तिच्यातील दोषही मोठे होतात. आजचा प्रत्येक हेडसेट हा ब्रूस्टर यांच्या पेटीचा वंशज आहे. प्रतिमेच्या सुस्पष्टतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो तो या भिंगापासून.

३.

१८५९ हे वर्ष या इतिहासात विशेष आहे. त्या वर्षी दोन लेखकांनी स्टिरिओस्कोपविषयी लिहिले, आणि दोघांची मते इतकी परस्परविरोधी आहेत की त्यांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय राहवत नाही.

पहिला लेखक बॉस्टनचा. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे पेशाने वैद्य, हार्वर्डला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि आपल्या काळातील लोकप्रिय कवी व निबंधकार. 'अटलांटिक मंथली'त त्यांनी स्टिरिओस्कोपवर दीर्घ निबंध लिहिला. छायाचित्रकाराने हेतूने टिपले नसलेले, केवळ चौकटीत आले म्हणून नोंदले गेलेले बारीकसारीक तपशील हे त्यांच्या आनंदाचे मुख्य कारण आहे. चित्रकार जे गाळतो ते यंत्र गाळत नाही. यापुढे रूप हे द्रव्यापासून सुटे झाले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. वस्तूच्या पुरेशा प्रतिमा हाती आल्या की मूळ वस्तू पाडली वा जाळली तरी चालेल, इथवर ते अर्धवट विनोदाने जातात. त्याच निबंधात ते ग्रंथालयांसारखी स्टिरिओ-छायाचित्रांची सार्वजनिक संग्रहालये असावीत, अशी सूचना करतात.

दुसरा लेखक पॅरिसचा. शार्ल बोदलेर यांनी त्याच वर्षीच्या चित्रप्रदर्शनाच्या समीक्षेत छायाचित्रणाचा आणि त्यासोबत स्टिरिओस्कोपचा उपहास केला. त्या पेटीच्या दोन भोकांवर हावरटपणे वाकलेले असंख्य डोळे त्यांना दिसतात. ती भोके जणू अनंताकडे उघडणारी झरोके आहेत अशा समजुतीने ते डोळे वाकलेले आहेत. छायाचित्राने मुद्रणकलेसारखे किंवा लघुलेखनासारखे नम्र सेवक व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे. मुद्रणाने साहित्य निर्माण केले नाही आणि त्याची जागाही घेतली नाही, मग छायाचित्राने कलेची जागा का घ्यावी, हा त्यांचा प्रश्न.

दोघांनी पाहिलेली वस्तू एकच. एकाला तपशिलाची विपुलता हे वरदान वाटते, दुसऱ्याला ती कल्पनाशक्तीची माघार वाटते. आज हेडसेटविषयी जे बोलले जाते त्याची जवळजवळ सर्व सूत्रे या दोन लेखनांत आढळतात. पण आमच्या दृष्टीने होम्स यांचे तिसरे कार्य या दोन्ही मतांहून अधिक मोलाचे आहे. १८६१ च्या सुमारास त्यांनी हातात धरायचा, अतिशय स्वस्त आणि हलका स्टिरिओस्कोप तयार केला आणि त्याचे स्वामित्वहक्क जाणीवपूर्वक घेतले नाहीत. कोणीही तो बनवावा. परिणामी कार्डांचा आकार आणि यंत्राचा आकार यांत एक अलिखित प्रमाण ठरून गेले. कोणत्याही कंपनीचे कार्ड बहुधा कोणत्याही यंत्रात चाले.

या खुलेपणामुळे पुढील साठेक वर्षे कार्डांचा व्यवसाय जगभर पसरला. अमेरिकेतील अंडरवूड अँड अंडरवूड आणि कीस्टोन व्ह्यू या कंपन्या त्यांत अग्रेसर होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अंडरवूड कंपनीने जेम्स रिकाल्टन यांनी काढलेल्या भारताच्या छायाचित्रांचा संच विक्रीस आणला. त्यात मुंबईही होती. या संचांसोबत मार्गदर्शक पुस्तक आणि नकाशे येत. वाचकाने आपण नकाशावरील अमुक ठिकाणी उभे आहोत असे समजावे, अमुक दिशेला पाहावे, अशा सूचना पुस्तकात असत. म्हणजे प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी ती एकटी बोलत नव्हती. काय पाहावे हे गद्य सांगत होते, आणि ते गद्य साम्राज्यांच्या काळातील पाश्चात्त्य प्रवाशाचे होते. सुस्पष्टता म्हणजे तटस्थता नव्हे, हे आपण येथेच शिकायला हरकत नाही.

४.

'स्वच्छ' हे विशेषण मोजायचे कसे? याचे उत्तर १८६२ मध्ये हॉलंडमधील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी दिले. चष्म्याच्या दुकानात आपण ज्या तक्त्यावरील अक्षरे वरून खाली वाचत जातो, तो तक्ता त्यांचा. त्यांनी सामान्य दृष्टीची व्याख्या अक्षराच्या साहाय्याने केली. अक्षराची एकूण उंची डोळ्याशी ५ कलांचा कोन करते आणि त्यातील एकेक रेघ १ कलेचा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतून चालत आलेला हा शब्द येथे अगदी नेमका बसतो : एका अंशाचे ६० भाग म्हणजे ६० कला. ज्याला एवढी बारीक रेघ ओळखता येते त्याची दृष्टी निरोगी.

हेडसेटची सुस्पष्टता मोजण्याचे आजचे मुख्य परिमाण थेट या तक्त्यातून आले आहे. पडद्यावर एकूण पिक्सेल किती, याला स्वतंत्र अर्थ नाही, कारण तेच पिक्सेल भिंगातून किती रुंद क्षेत्रावर पसरले यावर सर्व काही ठरते. म्हणून एका अंशात किती पिक्सेल मावतात हे पाहायचे. एका कलेला एक पिक्सेल या हिशेबाने निरोगी डोळ्याला एका अंशात ६० पिक्सेल हवेत. म्हणजेच यंत्रातील प्रतिमा स्वच्छ आहे की नाही, हे अखेर 'अक्षर वाचता येते का' या कसोटीवर ठरते. ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला सुखावणारी आहे, पण ती केवळ योगायोगाची नाही. डोळ्याची सर्वांत काटेकोर परीक्षा वाचनात होते. झाड थोडे पुसट दिसले तरी ते झाडच राहते, पण अनुस्वाराचा ठिपका वा रफार पुसट झाला की शब्दच बदलतो.

५.

आता यंत्राच्या आधुनिक अवताराकडे वळू. १९३५ साली स्टॅनली वाइनबॉम यांनी चष्म्यातून अनुभवायच्या कल्पित जगाची विज्ञानकथा लिहिली. १९३८ मध्ये आंतोनँ आर्तो यांच्या रंगभूमीविषयक निबंधसंग्रहात 'आभासी वास्तव' या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग नाटकाच्या संदर्भात आला. म्हणजे यंत्राच्या आधी कथा, आणि संगणकाच्या आधी रंगभूमी. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाशी जोडलेला, डोके वळवताच दृश्य बदलणारा पहिला हेडसेट मांडला. डोक्याची हालचाल मोजणारा दांडा छतावरून खाली येई, म्हणून त्याला ग्रीक कथेतील 'डॅमोक्लिसची तलवार' हे नाव पडले. दृश्य काय, तर तारांचा असावा तसा एक घन. पुन्हा रेषाकृती. १८३८ आणि १९६८ ही दोन वर्षे या अर्थाने एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. दोन्ही वेळा तपशील शून्य, पण खोली पूर्ण.

१९८० च्या दशकात जॅरन लनिअर यांच्या व्हीपीएल कंपनीने हेडसेट विकायला काढला आणि 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द इंग्रजीत रूढ केला. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' १९८४ मध्ये आली होती, त्यामुळे वाचकांच्या मनात या जगाचे एक झगमगते चित्र तयार होते. प्रत्यक्ष यंत्रे मात्र त्या चित्राच्या जवळपासही नव्हती. १९९५ मध्ये निन्टेन्डोने आणलेल्या 'व्हर्च्युअल बॉय'मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी ३८४ गुणिले २२४ बिंदूंची, फक्त लाल रंगाची प्रतिमा होती. लाल दिव्यांची एक उभी ओळ आणि तिच्यासमोर वेगाने हलणारा आरसा, अशी तिची रचना. वर्षभरात ते यंत्र बाजारातून गेले. साहित्याने जे वचन दिले होते ते यंत्राला पाळता आले नाही, आणि पुढील पंधराएक वर्षे हा विषय सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीआड राहिला.

त्याचे पुनरुज्जीवन २०१२ मध्ये ऑक्युलसच्या लोकवर्गणीतून झाले. भ्रमणध्वनींमुळे लहान, दाट पडदे स्वस्त झाले होते. २०१३ च्या पहिल्या विकासक-आवृत्तीत प्रत्येक डोळ्याला ६४० गुणिले ८०० पिक्सेल मिळत. ते सुमारे ९० अंशांवर पसरले, म्हणजे एका अंशात जेमतेम ७. सहा मीटरवरून वाचता यावे असे अक्षर या यंत्रात वाचायचे तर ते पाऊण मीटरच्या आत आणावे लागेल, असा ढोबळ हिशेब निघतो. शिवाय पिक्सेलांमधील काळ्या फटी दिसत. खिडकीला लावलेल्या डासांच्या जाळीतून बाहेर पाहावे तसे दृश्य. २०१६ मध्ये ग्राहकांसाठी आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोहोंत प्रत्येक डोळ्याला १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते, २०१९ च्या व्हॉल्व्ह इंडेक्समध्ये १४४० गुणिले १६००, २०२० च्या एचपी रिव्हर्ब जी-२ मध्ये २१६० गुणिले २१६०. २०२३ मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ ला कंपनी एका अंशात २५ पिक्सेल सांगते, तर २०२१ च्या व्हार्यो एरो आणि २०२३ च्या पिमॅक्स क्रिस्टल यांना त्यांच्या कंपन्या ३५ सांगतात. दहा वर्षांत ७ वरून ३५ ही वाढ थोडी नव्हे. तरीही स्नेलेन यांचे ६० तेव्हा दूरच होते. व्हार्योने २०१९ च्या व्हीआर-१ मध्ये ते गाठले, पण फक्त दृश्याच्या मध्यभागी आणि उद्योगांसाठी बनवलेल्या अतिशय महागड्या यंत्रात.

६.

मात्र केवळ पिक्सेलांची शर्यत पाहणारी तुलना अपुरी ठरते. आमच्या मते आणखी चार गोष्टी पाहिल्याशिवाय दोन हेडसेटांची तुलना होऊच शकत नाही.

पहिली गोष्ट भिंग. २०१६ च्या यंत्रांतील भिंगे फ्रेनेल पद्धतीची होती. ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी हे भिंग रचले. जाड काचेऐवजी समकेंद्री वर्तुळाकार पायऱ्या, त्यामुळे वजन कमी. समुद्रात दूरवर उजेड फेकण्यासाठी झालेला शोध दोनशे वर्षांनी डोळ्यापासून दोन बोटांवर येऊन बसला. पण त्या पायऱ्यांच्या कडांवर उजेड विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की त्यांच्याभोवती किरणांची पिसे फुटतात. क्रिस्टलमधील अखंड काचेची भिंगे हा दोष टाळतात, पण जड होतात. क्वेस्ट ३ मधील 'पॅनकेक' भिंगे प्रकाशाला आतल्या आत परत फिरवून अंतर वाचवतात. त्यामुळे यंत्र चपटे होते आणि कडेपर्यंत स्वच्छ दिसते, मात्र अर्धपारदर्शक आरशाशी दोनदा गाठ पडल्याने मूळ प्रकाशाच्या एक चतुर्थांशाहून अधिक काही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट हालचाल. स्थिर डोक्याने स्वच्छ दिसणारी प्रतिमा डोके वळवताच फराटली जाते, कारण पिक्सेल उजळलेला राहतो आणि डोळा मात्र पुढे सरकलेला असतो. २०१४ च्या ऑक्युलसच्या दुसऱ्या विकासक-आवृत्तीत यावर उपाय आला. प्रतिमा अगदी क्षणभर लुकलुकवायची आणि मधला वेळ पडदा काळा ठेवायचा. अंधारामुळे स्पष्टता यावी, हा यातील विरोधाभास.

तिसरी गोष्ट प्रतिमेची वाट. संगणकाने घडवलेले चित्र हेडसेटपर्यंत कसे येते? इंडेक्स वा रिव्हर्ब जी-२ ते थेट चित्रवाहिनीच्या तारेतून घेत. क्वेस्ट ३ मात्र संगणकाकडून आलेले चित्र दाबून, आकसून घेतो आणि आत पुन्हा उलगडतो. त्यामुळे कागदावर अधिक पिक्सेल असूनही बारीक पानोळा, गवत, दूरचा धूर यांत तपशील हरवू शकतो. याला जोडूनच संगणकावरचे ओझे येते. रिफ्टसाठी दोन डोळ्यांचे मिळून सेकंदाला ९० वेळा साधारण २६ लाख पिक्सेल, म्हणजे सेकंदाला २३ कोटी. क्रिस्टलसाठी त्याच वेगाने सेकंदाला १४९ कोटी. हे ओझे संगणकाला पेलले नाही तर खेळाडू चित्राचा दर्जा खाली आणतो आणि महागडा पडदा रिकाम्या पाटीसारखा राहतो. म्हणूनच नजर जिथे असेल तिथेच पूर्ण तपशील द्यायचा, अशी युक्ती आता पुढे येत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात व्हॉल्व्हने जाहीर केलेला 'स्टीम फ्रेम' हा बिनतारी हेडसेट याच तत्त्वावर चित्र पाठवतो.

चौथी गोष्ट स्वतः डोळा. दोन बुबुळांमधील अंतर माणसागणिक बदलते. भिंगांचे अंतर त्याच्याशी जुळले नाही तर उत्तम यंत्रही पुसट दिसते. शिवाय पडद्याचे केंद्रांतर ठरलेले असते. दृश्यातील वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात, पण नेत्रभिंग मात्र दूरच्या पडद्यावरच रोखलेले राहते. डोळ्यांच्या या दोन क्रिया एकमेकींपासून सुट्या करता येतात, हे व्हीटस्टन यांनी आपल्या आरशांनी १८५२ च्या दुसऱ्या निबंधात दाखवले होते. त्यांना जो प्रयोग होता तो आजच्या खेळाडूची डोकेदुखी आहे, आणि कितीही पिक्सेल वाढवले तरी ती जात नाही.

या चार गोष्टी मांडल्यावर 'सर्वोत्तम हेडसेट कोणता' हा प्रश्न 'सर्वोत्तम साहित्यप्रकार कोणता' या प्रश्नाइतकाच पोकळ ठरतो. विमानाच्या वा मोटारशर्यतीच्या अनुकारी खेळात खेळाडू बसलेला असतो आणि त्याला समोरच्या तबकड्यांवरील आकडे वाचायचे असतात. तेथे अंशागणिक पिक्सेल आणि थेट तार यांना पर्याय नाही. २०२० च्या 'हाफ-लाइफ : ॲलिक्स'सारख्या खेळात वस्तू हातात घेऊन डोळ्यांजवळ आणता येते, तेथे वजन, मोकळी हालचाल आणि भिंगाची कडेपर्यंतची स्वच्छता अधिक मोलाची. प्रकारानुसार सुस्पष्टतेची व्याख्या बदलते. प्रकाराचा विचार न करता केलेले मूल्यमापन फसवे असते, हे आपण वर्गात शिकवत असतोच.

७.

आता आरंभीच्या तिसऱ्या विधानाकडे येऊ. रिव्हर्ब जी-२ हा २०२० च्या अखेरीस आला तेव्हा त्याच्या किमतीच्या यंत्रांत सुस्पष्टतेबाबत तो अग्रेसर मानला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी' या आज्ञावलीवर चालत असे. २०२३ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ती बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या शरदात आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. ज्यांनी संगणक अद्ययावत केला त्यांचा हेडसेट, भिंगे शाबूत, पडदे शाबूत, तार शाबूत असतानाही, मुका झाला. चार वर्षांत. पुढे २०२५ मध्ये एका अभियंत्याने स्वतःच्या बळावर लिहिलेल्या ड्रायव्हरमुळे यांतील बरीच यंत्रे एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांवर पुन्हा चालू लागली. एखादी हस्तलिखित पोथी कुणा एकाने नकलून ठेवली म्हणून वाचावी, तसे हे झाले.

याच्या शेजारी १८६० च्या दशकातील एखादे कार्ड ठेवून पाहावे. ते होम्स पद्धतीच्या कोणत्याही यंत्रात आजही दिसते. यंत्र नसेल तर दोन साधी भिंगे पुरतात. भिंगेही नसतील तर थोड्या सरावाने नुसत्या डोळ्यांनीही दोन चित्रे एक करता येतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कोणतेही खाते उघडावे लागत नाही, कोणतीही आज्ञावली अद्ययावत करावी लागत नाही. होम्स यांनी सुचवलेली संग्रहालये त्यांच्या कल्पनेप्रमाणे नसली तरी अस्तित्वात आली, कारण वस्तूच संग्रह करण्याजोगी होती. प्रतिमा झाली की मूळ वस्तू जाळली तरी चालेल, असे होम्स विनोदाने म्हणाले होते. आज उलटे घडते आहे. वस्तू हातात राहते आणि प्रतिमाच नाहीशी होते.

हे केवळ ग्राहकाच्या गैरसोयीचे प्रकरण नव्हे. या यंत्रांसाठी आता कथा लिहिल्या जात आहेत, नाट्यप्रयोग रचले जात आहेत, स्मृतिस्थळे घडवली जात आहेत. उद्या त्यांचा अभ्यास करणाऱ्याला संहिता कोठे मिळणार? आणि मिळाली तरी ती कोणती? एखादा खेळ २०१३ च्या यंत्रात एका अंशाला ७ पिक्सेलांनी पाहणारा आणि तोच खेळ दहा वर्षांनी ३५ पिक्सेलांनी पाहणारा, हे दोघे एकच संहिता वाचत नाहीत. एकाला भिंतीवरचा कागद हा पांढरा डाग होता, दुसऱ्याला त्यावरचा मजकूर वाचता आला. पाठचिकित्सेच्या भाषेत हे पाठभेदच आहेत. फरक इतकाच की येथे पाठभेद लेखनिकाने केलेला नसून भिंगाने केलेला आहे.

म्हणून आमची एक माफक सूचना आहे. ग्रंथावर लिहिताना आपण आवृत्ती आणि वर्ष नोंदवतो. आभासी वास्तवातील कृतीवर लिहिणाऱ्या समीक्षकाने ती कोणत्या हेडसेटवर, कोणत्या वर्षी, तारेने की बिनतारी, आणि चित्राच्या कोणत्या दर्जावर पाहिली, हे त्याच काटेकोरपणे नोंदवावे. विद्यार्थ्यांनाही तशी सवय लावावी. असे झाले तर दोन हेडसेटांची तुलना ही केवळ खरेदीपूर्वीची चौकशी न राहता संहितेच्या अभ्यासाची पहिली पायरी ठरेल. बोदलेर यांनी छायाचित्राला नम्र सेवक होण्यास सांगितले होते. सेवक नम्र झाला की नाही हा वाद चालू राहील. पण सेवक किती दिवस नोकरीवर राहणार, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तो आपल्या पिढीला पडणे भाग आहे.